ईको कार्गोने बंद वॅगनआर टोचन करून आणायची आहे, जमेल का?

कराडची_मसालेवाली

नमस्कार मंडळी, जरा सल्ला हवाय. माझ्याकडे ईको कार्गो आहे, मारुतीची मालवाहू व्हॅन, पेट्रोलवाली, मसाल्याच्या ऑर्डरी पोचवायला रोज चालवते त्यामुळे गाडीवर हात बसलेला आहे. माहेर अलोऱ्याला, चिपळूणपासून घाटाकडे येताना. तिथे बाबांची वॅगनआर आहे २०१२ ची, दोन पावसाळे शेडमध्ये नुसती उभी, बॅटरी मेलीय, उंदरांनी वायरिंग खाल्लंय, चावी फिरवली तर टक सुद्धा वाजत नाही. पण विकायची नाहीये, फार चाललेली नाही आणि पत्रा अजून ठणठणीत आहे. आमचा नेहमीचा मेकॅनिक कराडला, तो म्हणतो आणून टाका, बघतो. फ्लॅटबेडवाल्याचं, म्हणजे गाडी वर चढवून नेणाऱ्या ट्रकचं, भाडं ऐकल्यावर आमचे अहो म्हणाले कशाला, आपली ईको आहे की, दोर बांधू आणि कुंभार्ली घाटाने वर काढू, पहाटे निघालो तर जेवायला घरी. मागच्या गाडीत स्टिअरिंगला माझा धाकटा भाऊ बसेल.

तर ईकोला ही गाडी ओढवेल का, दोर कुठला घ्यायचा, कुठे बांधायचा? घाटाची मलाच धाकधूक वाटतेय म्हणून आधी इथे विचारतेय.

घाटवेडा

ताई, ओढवेल का हा प्रश्नच नाही, ओढेल ती. प्रश्न थांबेल का हा आहे.

ईको रिकामी साधारण नऊशे-साडेनऊशे किलो आणि वॅगनआर पण नऊशेच्या आत-बाहेरच, म्हणजे स्वतःच्याच वजनाची गाडी मागे लावून तुम्ही कुंभार्ली चढणार. बाराशे सीसीचं पेट्रोल इंजिन, टॉर्क शंभर न्यूटन मीटरच्या आसपास. सरळ रस्त्याला पहिल्या-दुसऱ्या गिअरवर ती हे काम करेल, पण घाटात पुढे एसटी किंवा भरलेला ट्रक वळणावर थांबला की तुम्ही पण थांबणार, आणि मग चढावर दोन गाड्यांचं वजन हाफ क्लचवर उचलायचं. असं दोन-चार वेळा झालं की क्लच प्लेटचा वास केबिनमध्ये यायला लागतो. आणि ईको मागच्या चाकांवर चालते, मागे माल नसेल तर ओल्या चढावर चाकं जागच्या जागी फिरणार.

हे सगळं सोडा, पण चढावर दोर तुटला तर? मागची गाडी उलटी खाली येणार, इंजिन बंद म्हणजे ब्रेक दगडासारखा, आणि आत तुमचा भाऊ. घाट डोक्यातून काढून टाका. तिकडच्या तिकडे चिपळूणला नेऊन दुरुस्त करा किंवा फ्लॅटबेडच सांगा. कराडकडे रिकामा परत जाणारा एखादा मिळाला तर भाडं बरंच खाली येतं, दोन-चार जणांना फोन करून तर बघा.

गॅरेजमामा

घाटवेडा म्हणतात ते शंभर टक्के. घाट नकोच. पण अलोऱ्याहून चिपळूणजवळच्या खेर्डीपर्यंत आणायची असेल तर दहा-बारा किलोमीटरचा मामला आहे, तेवढं टोचन नीट केलं तर होतं, आमच्याकडे आठवड्याला एखादी तरी अशीच येते. फक्त दोर बांधला आणि निघाले असं करू नका, सविस्तर लिहितो, वाचून घ्या.

सगळ्यात आधी गाडी हलते का बघा. दोन पावसाळे उभी म्हणजे मागचे ब्रेकचे ड्रम गंजून धरलेले असणार, त्यातून हँडब्रेक ओढून ठेवला असेल तर नक्कीच. पुढच्या चाकांना दगड लावा, हँडब्रेक सोडा, मागचं एकेक चाक जॅकवर उचला आणि हाताने फिरवून बघा. फिरत नसेल तर ड्रमवर कडेकडेने हातोडीने ठोका, मध्ये लाकडाचा तुकडा धरून, बऱ्याचदा शू (ड्रमला आतून दाबणारी ब्रेकची पट्टी) सुटतो आणि आतून गंजाचा भुगा पडतो. नाहीच सुटला तर हँडब्रेकची केबल ढिली करा. पण ईकोने हिसका मारून सोडवायच्या फंदात पडू नका, शूवरचं लायनिंग उखडून आत अडकतं आणि मग ते चाक कायमचं बसतं. मग चारही टायरांत हवा भरा आणि अर्धा तास थांबून परत बघा, उभ्या गाडीचे टायर हवा भरल्यावर धरतात असं वाटतं आणि वाटेत बसतात.

दोर म्हणाल तर जाड पॉलिएस्टरचा टोचन पट्टा घ्या, तीन टनाच्या वरचा, चार मीटरच्या आसपास. काथ्याचा दोर, विहिरीचा नाडा, कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी चौपदरी करून, हे सगळे प्रकार बघून झालेत, नको. वायररोप तर मी दारातून परत पाठवतो, त्याला ताण खायची सवय नसते, हिसका बसला की सरळ हूकवर, आणि तुटला तर चाबकासारखा उलटा येतो. पट्ट्याला गाठ मारायची नाही, गाठीपाशी तो कमजोर होतो, आणि ताण बसलेली गाठ नंतर पान्याने पण सुटत नाही. दोन्हीकडे डी शॅकल, म्हणजे पिनवाली लोखंडी कडी, लावा.

बांधायचं कुठे, तर फक्त कंपनीच्या टोइंग हूकला. गाडीचं मॅन्युअल असेल तर त्यात चित्र असतं, नाहीतर खाली वाकून बघा. काही गाड्यांत हूक डिकीत टूलकिटमध्ये असतो आणि बंपरवरचं छोटं झाकण काढून आट्यात फिरवायचा असतो, तो शेवटपर्यंत बसवा, अर्धा फिरवून सोडलेला हूक आटे घेऊन बाहेर येतो. बंपरला बांधायचं नाही हे सगळ्यांना माहीत असतं. पण ईकोच्या मागच्या अ‍ॅक्सलला पट्टा गुंडाळणारे बरेच असतात, तिथूनच ब्रेकची पाईप जाते, ती चेपली की तुमच्या गाडीचे पण ब्रेक गेले.

आता वॅगनआरमधल्या माणसाबद्दल, कारण टोचन खरं तोच चालवतो. इंजिन बंद म्हणजे ब्रेक हलका करणाऱ्या बूस्टरला व्हॅक्यूम नाही. तुमची गाडी तर दोन वर्षं उभी, त्यामुळे पहिल्यापासूनच पेडल दगड लागणार, ब्रेक लागतो पण पायाची सगळी ताकद लावावी लागते. स्टिअरिंग पण जड. निघायच्या आधी त्याला अंगणात बसवून पाच-सहा वेळा पेडल मारायला लावा आणि गाडी थोडी ढकलून थांबवायला सांगा, म्हणजे ब्रेक लागतोय का हे पण कळेल, आणि पाय किती लागतो ते त्याला रस्त्यावर पहिल्यांदा कळायला नको. चावी आत आणि ऑनवर, काढली तर वळणावर स्टिअरिंग लॉक होईल. गिअर न्यूट्रल.

उंदरांनी वायरिंग खाल्लंय म्हणालात, मग हॅझर्ड (चारही इंडिकेटर एकदम) लागावेत म्हणून दुसरी चार्ज बॅटरी जोडायचा मोह आवरा. उघड्या वायरींना करंट दिला आणि धूर निघाला तर आत माणूस आहे. त्यापेक्षा दिवसाउजेडी, पाऊस नसताना काढा, आणि मागे तिसरी एखादी गाडी हॅझर्ड लावून चालू द्या कारण वॅगनआरला ब्रेक लाइटच नाही.

चालवताना ईको पहिल्यावर अगदी रांगत पुढे घ्यायची, पट्टा ताठ झाला की मगच क्लच पूर्ण सोडायचा. वेग वीस, फार तर चोवीस. मागच्याने पट्टा कायम ताठ ठेवायचा, म्हणजे पुढची हळू होतेय असं दिसलं की त्यानेच आधी हलका ब्रेक धरायचा. टोचनमध्ये ब्रेक मागची गाडी लावते आणि पुढची फक्त अ‍ॅक्सिलरेटर सोडते, एवढं दोघांच्या डोक्यात पक्कं बसलं की निम्मं काम झालं. पट्टा ढिला पडून चाकाखाली गेला की पुढचा हिसका ठरलेला.

पॉलिसीवाला

मामांनी गाडीचं सांगितलं, मी कागदाचं सांगतो, कारण ते कुणी बघत नाही.

एक, भावाकडे पक्कं लायसन्स आहे ना? १९८९ च्या रूल्स ऑफ द रोड रेग्युलेशन्समध्ये स्पष्ट होतं की ओढल्या जाणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हर सीटवर ती गाडी चालवायचं लायसन्स असलेला माणूस हवा, नाहीतर पुढची चाकं क्रेनने उचललेली हवीत. दोन गाड्यांमधलं अंतर पाच मीटरपेक्षा जास्त नको, दोर इतरांना दिसेल असा हवा, मागच्या गाडीच्या पाठीला पांढऱ्यावर काळ्या, किमान ७५ मिलिमीटर उंच अक्षरांत इंग्रजीत ‘ऑन टो’ लिहिलेलं हवं, आणि वेग ताशी २४ किलोमीटरच्या वर नको. मामांचा चोवीसचा आकडा बहुतेक तिथलाच. शिवाय ही मुभा बंद गाडी जवळच्या गॅरेजपर्यंत किंवा पंपापर्यंत नेण्यापुरती होती, जिल्हा ओलांडायला नाही. २०१७ ला त्याच्या जागी नवीन ड्रायव्हिंग रेग्युलेशन्स आली, म्हणून निघण्याआधी आताचे नियम त्यात एकदा बघून घ्या.

दोन, वॅगनआरचा इन्शुरन्स चालू आहे का? दोन वर्षं उभी म्हणजे बहुतेक संपलेला. दोरावरची गाडी चारही चाकांवर रस्त्यावरच असते, तिने एखाद्या दुचाकीवाल्याला उडवलं तर थर्ड पार्टीचा प्रश्न येणारच. निदान थर्ड पार्टी तरी काढून घ्या. फ्लॅटबेडवर चढवलेली गाडी म्हणजे माल, तिथे ही भानगड येत नाही.

तीन, तुमची ईको कार्गो म्हणजे पिवळी पाटी, कमर्शियल पॅकेज पॉलिसी असेल. तिच्यात बंद पडलेली एक गाडी ओढण्याबद्दल वेगळा सेक्शन असतो, ओढताना मागच्या गाडीमुळे येणारी जबाबदारी त्यात धरतात, पण अट अशी की पैसे घेऊन ओढायची नाही. आणि मागच्या गाडीचं स्वतःचं नुकसान त्यात नाही. तुमची प्रत काढून एकदा नजर टाका.

वशिष्ठीकाठ

मी खेर्डीचाच. २०२१ च्या जुलैच्या पुरानंतर आमच्या गल्लीतल्या गाड्या अशाच दोर लावून काढल्या होत्या, तेव्हा जे दिसेल त्याने ओढत होतो, छोटा हत्ती, जीप, ट्रॅक्टर. त्या अनुभवावरून सांगतो, पट्ट्यापेक्षा रॉड बरा. लोखंडी टोचन रॉड दोन्हीकडे पिनने बसतो, मागची गाडी पुढच्यावर आदळायचा प्रश्नच नाही, मागच्याचा ब्रेक कमी पडला तरी चालतं. चिखल गेलेल्या गाड्यांना ब्रेक कुठले असणार तेव्हा.

गॅरेजमामा

@वशिष्ठीकाठ, पुरात गल्लीतून शंभर-दोनशे मीटर काढायला रॉड एक नंबर, मान्य. ट्रॅक्टर पुढे असेल तरी मान्य. पण इथे पुढे ईको आहे, मागून हलकी, आणि अलोऱ्याहून खेर्डीकडे रस्ता वळणांनी उतरत येतो. उतारावर रॉडने मागच्या गाडीचं सगळं वजन ईकोच्या पाठीला ढकलत राहतं, आणि वळणावर ते ढकलणं सरळ न लागता तिरकं लागतं, मग ईकोचं मागचं धूड बाहेर फेकलं जातं. ओढणारी गाडी जड असेल तर रॉड, बरोबरीची किंवा हलकी असेल तर पट्टा आणि मागे भरवशाचा ब्रेकवाला. मागच्या गाडीला ब्रेकच नसेल तर पट्टा नाही, रॉड नाही, क्रेन बोलवायची.

ताई, ईकोत मागच्या अ‍ॅक्सलच्या वर मसाल्याच्या दोन-तीन गोणी टाका, चाकांना पकड येईल. जास्त नको, शंभर-सव्वाशे किलो पुरे, घट्ट बांधून.

वशिष्ठीकाठ

हां, उताराचा मुद्दा पटला. मग अजून एक, पट्ट्याच्या मधोमध ओलं गोणपाट टाकून सुतळीने बांधा. पट्टा तुटलाच तर त्या वजनाने खाली पडतो, काचेवर येत नाही, आणि बाजूने मध्ये घुसणाऱ्या बाईकवाल्यांना दिसतो पण. आपल्याकडे दोन गाड्यांच्या मध्ये चार मीटर जागा दिसली की बाईक घालायचीच असा नियम आहे. त्यावर लाल फडकं. आणि पट्टा ताणत असताना बघ्या मंडळींना लांब उभं करा, आमच्याकडे तर सगळी वाडी जमते आणि प्रत्येकाला दोर धरायचा असतो.

दोघं ड्रायव्हर फोन चालू ठेवा, कानात इअरफोन घालून, लगेच बोलता येतं.

घाटवेडा

फोनला माझा विरोध. एक तर गाडी चालवताना फोनचं दंडाचं प्रकरण, दुसरं त्या पट्ट्यात मध्येच रेंज जाते आणि नेमकं ‘थांब’ म्हणायच्या वेळी ‘हॅलो हॅलो’ चालू होतं. खुणा ठरवा. मागच्या गाडीला बॅटरी नाही म्हणजे हॉर्न पण नाही, म्हणून मागच्याने खिडकीतून हात बाहेर काढून वर केला की थांबायचं, बस. आणि ईकोत शेजारी एक माणूस बसवा, त्याला दुसरं काहीच काम नाही, मान वळवून मागे बघत राहायचं. कार्गोला मागून नीट दिसत नाही म्हणून हे जास्तच महत्त्वाचं. ईकोचे हॅझर्ड पण सतत लावून ठेवू नका, ते चालू असले की इंडिकेटर कळत नाही, तुम्ही वळताय हे मागच्याला कसं समजणार.

कराडची_मसालेवाली

सगळ्यांचे खूप आभार, एवढं सविस्तर कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. अहोंना हा सगळा धागा वाचायला दिला, घाटाचा विषय तिथेच संपला 😄 भावाकडे नुसतं लर्निंग आहे, ते मी लक्षातच घेतलं नव्हतं, आता चुलतभाऊ बसेल, तो चिपळूणला टेम्पो चालवतो. खेर्डीत एक गॅरेजवाला गाडी घ्यायला तयार झालाय. थर्ड पार्टी काढायला दिलीय. रस्ता कोरडा आहे का बघून रविवारी सकाळी निघू, तेव्हा एमआयडीसीच्या गाड्या पण कमी असतात.

एकच शंका, वाटेत उतारावर चुलतभावाचा पाय दुखायला लागला तर? ब्रेक सारखाच धरायचा म्हणजे.

गॅरेजमामा

चांगला प्रश्न विचारलात. सारखा धरायचा नाही, तापतो. पट्टा ताठ राहील एवढाच, हलका, सोडून-धरून. टेम्पोवाला आहे म्हणजे त्याला ते सांगायला नको. उतार सुरू व्हायच्या आधी ईको दुसऱ्या गिअरमध्ये घ्या, म्हणजे इंजिनच धरून ठेवतं, तुम्हाला ब्रेक मारावा लागत नाही आणि त्याला पण कमी. मध्ये दोन-तीन ठिकाणी बाजूला जागा बघून थांबा, चाकांच्या रिमपाशी हात नेऊन बघा, लावू नका, एखादं चाक इतरांपेक्षा जास्त गरम लागलं तर तो ड्रम अजून धरतोय. तिथे थांबायचं आणि क्रेनला फोन करायचा, अजून दोनच किलोमीटर राहिलेत असं म्हणायचं नाही.

थांबलात की मागच्या गाडीचा हँडब्रेक ओढू नका, परत अडकेल. चाकाला दगड लावा. दोन दगड आधीच गाडीत टाकून ठेवा, वाटेत ऐनवेळी कधी मिळत नाहीत.

कराडची_मसालेवाली

आणली गाडी, खेर्डीत गॅरेजला लावली. उजवं मागचं चाक मामांनी सांगितलं तसंच धरलेलं होतं, चुलतभावाने नारळाच्या ओंडक्याचा तुकडा मध्ये धरून ठोकलं तेव्हा सुटलं आणि खाली ही एवढी तांबडी भुकटी. वाटेत एका स्पीडब्रेकरला पट्टा ढिला पडला आणि थोडा हिसका बसला, बाकी काही नाही. चुलतभाऊ उतरल्यावर म्हणाला टेम्पो भरून कुंभार्ली चढणं परवडलं, ते पेडल नको. मेकॅनिक म्हणतो वायरिंग बदलायचं, पेट्रोल टाकी रिकामी करून साफ करायची, ब्रेकचं सगळं नवीन, मग ती स्वतःच्या पायाने घाट चढेल.

नवशिक्या_पुणे

छान धागा, सेव्ह करून ठेवला. माझ्याकडे ऑटोमॅटिक आहे, तिला पण असंच न्यूट्रल टाकून ओढता येतं का?

गॅरेजमामा

नाही, तिथे वेगळं आहे. टॉर्क कन्व्हर्टर किंवा सीव्हीटी प्रकारचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असेल तर गिअरबॉक्समधलं ऑइल फिरवणारा पंप इंजिनवर चालतो. इंजिन बंद ठेवून ओढत आणली की चाकं आतले भाग फिरवतात पण ऑइल पोचत नाही, घासून जातं, आणि ते बिल बघवत नाही. पुढची चाकं चालवणारी गाडी असेल तर पुढची चाकं उचलूनच न्यायची, नाहीतर चारही चाकं फ्लॅटबेडवर. एएमटी (मॅन्युअल गिअरबॉक्स, पण गिअर मोटर बदलते) असेल तर आतून गिअरबॉक्स मॅन्युअलचाच, न्यूट्रल पडलं तर ओढता येते, पण बॅटरी गेलेली असताना तो ज्या गिअरमध्ये अडकलाय तिथेच बसतो आणि लिव्हर हलवून काही होत नाही. तुमची कुठली आहे ते मॅन्युअलच्या टोइंगच्या पानावर बघून घ्या, आणि पॉलिसीत रोडसाइड असिस्टन्स घेतलेला असेल तर सरळ त्यांना फोन करा, पैसे भरलेतच की.